वाचनालयाची पुढची दहा वर्षं कशी आखायची: ठाणे-नवी मुंबईतल्या नव्या कार्यकर्त्यांसाठी

तुम्ही नुकतेच एखाद्या वाचनालयाच्या कार्यकारी मंडळावर आला असाल. किंवा तुमच्या सोसायट्यांच्या फेडरेशनने, महिला मंडळाने, ज्येष्ठ नागरिक संघाने 'आपल्या भागात वाचनालय हवं' हा विषय हाती घेतला असेल. हा लेख तुमच्यासाठी आहे.

अशा कामाच्या पहिल्या बैठकीत बोलणं बहुधा इमारतीवरच जातं. जागा कुठे मिळेल, मजले किती, उद्घाटनाला कोणाला बोलवायचं. माझा आग्रह असा की इमारत यादीत शेवटी ठेवा. वाचनालय तीन गोष्टींवर चालतं: दार किती तास उघडं असतं, काउंटरवर पुस्तकं ओळखणारं माणूस आहे का, आणि नवी पुस्तकं नियमित येतात का. तिन्हींना दरवर्षी पैसा लागतो. इमारतीसाठी एकदा मोठी रक्कम देणारे भेटतात, ग्रंथपालाचा पगार दर महिन्याला देणारे भेटत नाहीत. म्हणून नियोजनाची बहुतेक मेहनत या नित्याच्या खर्चावर व्हायला हवी.

ठाण्याला या कामाची जुनी परंपरा आहे. मराठी वाङ्मयाचे इतिहासकार विनायक लक्ष्मण भावे आणि विष्णू भास्कर पटवर्धन यांनी १ जून १८९३ रोजी इथे मराठी ग्रंथसंग्रहालय सुरू केलं. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय त्यानंतर पाच वर्षांनी, १८९८ मध्ये निघालं. तेव्हाचं ठाणे म्हणजे स्टेशन, जांभळी नाका, टेंभी नाका, तलावपाळी एवढाच परिसर. २०११ च्या जनगणनेत ठाणे महापालिकेच्या हद्दीत १८ लाखांहून अधिक आणि नवी मुंबई महापालिकेच्या हद्दीत ११ लाखांहून अधिक माणसं मोजली गेली, आणि त्यानंतर घोडबंदर रस्त्यावर आणखी किती टॉवर उभे राहिले ते आपण रोज बघतोच. कासारवडवलीतल्या आजोबांना पुस्तक बदलायला स्टेशनजवळ यावं लागत असेल, तर ते पुस्तक त्यांच्यासाठी असून नसल्यासारखं आहे. पुढच्या दहा वर्षांचा प्रश्न मुख्यतः या अंतराचा आहे.

पायरी १: वाचनालय कोणाचं आहे ते आधी समजून घ्या

पाटी सगळीकडे 'सार्वजनिक वाचनालय' अशीच असते, पण मालक वेगवेगळे असतात आणि त्यावरून तुम्ही कोणाचं दार ठोठावायचं ते ठरतं.

बहुतेक जुनी वाचनालयं संस्थांची आहेत. त्या संस्था १८६० च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेल्या असतात. त्यांना १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियमाखाली मान्यता आणि अ, ब, क, ड असा दर्जा मिळतो, आणि दर्जानुसार परिरक्षण अनुदान, म्हणजे वाचनालय चालवण्याच्या खर्चासाठी शासनाची मदत. हे काम ग्रंथालय संचालनालय बघतं. तुमचा रोजचा संबंध येईल तो जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांशी.

दुसरा प्रकार महापालिकेच्या वाचनालयांचा आणि अभ्यासिकांचा. ऐरोलीच्या सेक्टर १५ मधल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्मारकातलं ग्रंथालय हे नवी मुंबई महापालिकेचं चांगलं उदाहरण आहे. नवीन कार्यकर्त्याने ते एकदा जरूर बघून यावं. महापालिका मनावर घेते तेव्हा काय करू शकते, हे तिथे बसलेल्या मुलांकडे बघून कळतं. तिसरा प्रकार शासनाच्या जिल्हा ग्रंथालयाचा, आणि चौथा सोसायट्यांच्या, मंदिरांच्या, खासगी चालकांच्या वाचनालयांचा.

इथे कायद्याची एक बाजू माहीत असायला हवी, कारण पैशांच्या सगळ्या अडचणी तिथून निघतात. महापालिका अधिनियमात ग्रंथालय हे महापालिकेचं ऐच्छिक काम आहे. पाणी, गटार, दिवाबत्ती ही बंधनकारक कामं, वाचनालय मात्र जमलं तर करायचं. मद्रास प्रांताने १९४८ च्या ग्रंथालय कायद्यात मालमत्ता करावर ग्रंथालय उपकर लावला. कोल्हापूर संस्थानाने तर त्याच्याही आधी, १९४५ मध्येच ग्रंथालय कायदा केला होता. तरीही १९६७ च्या आपल्या कायद्यात उपकराची तरतूद आली नाही. तुम्ही भरता त्या मालमत्ता करातला ठरावीक वाटा आपोआप वाचनालयाकडे जात नाही. तो दरवर्षी अर्थसंकल्पात मागून घ्यावा लागतो. हे मला अन्यायाचं वाटतं, आणि ग्रंथालय चळवळीने उपकराची मागणी सोडू नये असंही वाटतं. पण तुमचा आराखडा आजच्या कायद्यावरच बसवा.

पायरी २: देवघेवीचं रजिस्टर घेऊन बसा

रविवारची एक सकाळ काढा आणि ग्रंथपालांच्या शेजारी बसा. सभासदांचा एकूण आकडा वार्षिक अहवालात छापलेला असतो. तुम्हाला हवा आहे तो वेगळा आकडा: गेल्या तीन महिन्यांत एकदा तरी पुस्तक बदललेले सभासद किती? हे चालते सभासद. त्यांची वयानुसार विभागणी करा. मग पत्त्यांनुसार करा आणि नकाशावर ठिपके लावा. नकाशा समोर आला की बैठकीतला अर्धा वाद मिटतो. कोणत्या रस्त्यापलीकडून, रुळापलीकडून, खाडीपलीकडून एकही माणूस येत नाही, ते सगळ्यांना दिसतं. ठाण्यात पूर्व द्रुतगती मार्ग आणि रेल्वे या दोन रेघा शाळकरी मुलांसाठी भिंतीच आहेत. कोपरीचं मूल एकटं नौपाड्यात येणार नाही. नवी मुंबईत ठाणे-बेलापूर रस्ता आणि पाम बीच रस्ता यांचंही तसंच.

त्यानंतर वेळा तपासा. बरीच वाचनालयं सकाळी उघडतात, दुपारी बंद होतात, संध्याकाळी पुन्हा काही तास उघडतात. जुन्या ठाण्यातल्या वाचकाला हे सोयीचं होतं. आता सीएसएमटीहून सुटून रात्री साडेआठला ठाण्यात उतरणाऱ्या बाईला दार बंदच सापडतं. रविवारीही बंद असेल तर ती सभासद होणार तरी कशी? आठवड्यातून दोन दिवस रात्री साडेनऊपर्यंत आणि रविवारी अर्धा दिवस उघडं ठेवणं, ही मला सुचणारी सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात परिणामकारक सुधारणा आहे. तिला ना जागा लागते, ना निविदा. लागतो तो एका अर्धवेळ सहायकाचा पगार.

आता रजिस्टरात नसलेल्यांकडे वळा. कागदी सर्वेक्षण वाटू नका. 'वाचनालय हवं का?' या प्रश्नाला प्रत्येक जण हो म्हणतो आणि त्यातून काही कळत नाही. त्यापेक्षा असे प्रश्न विचारा:

• गेल्या महिन्यात मुलं शाळेबाहेर कुठे वाचायला बसली होती?
• घरात शेवटचं पुस्तक कधी आणि कुठून आलं?
• सरकारी अर्ज, दाखला, परीक्षेचा फॉर्म भरायला कोणाकडे गेलात, किती पैसे दिलेत?
• संध्याकाळी कोणत्या वेळी तुम्हाला अर्धा तास मोकळा असतो?
• घरात कोणत्या भाषेत वाचता?

शेवटचा प्रश्न मराठी वाचनालयाच्या माणसाने टाळू नये. मुंब्र्यात उर्दू वाचणारी घरं आहेत, वाशी-नेरूळमध्ये मल्याळम, तमिळ, पंजाबी, हिंदी वाचणारी. त्यांची मुलं शाळेत मराठी शिकतात. एका कपाटात त्यांच्या भाषेतली पुस्तकं ठेवली तर त्या घरातलं मूल वाचनालयात येईल आणि शेजारच्या कपाटातलं मराठी पुस्तकही उचलेल. मराठीचं नुकसान होतं ते मूल दाराशीच न आल्यामुळे.

किसननगर, लोकमान्यनगर, दिवा, तुर्भे स्टोअर, दिघा इथल्या दाट वस्तीत जाऊन बोला. कोपरखैरणे-घणसोलीच्या माथाडी वसाहतींत जा, आगरी-कोळी गावठाणांत जा. दहा बाय बाराच्या घरात पाच माणसं असली की अभ्यासाला जागा हीच पहिली गरज असते. पुस्तकाचा विषय नंतर येतो. त्यावरून पुढचा, माझ्या मते सगळ्यात अवघड मुद्दा निघतो.

पायरी ३: अभ्यासिका आणि वाचनालय यांचा हिशोब वेगळा मांडा

आज आपल्या शहरांत 'लायब्ररी' म्हटलं की तरुण मुलांच्या डोळ्यांपुढे येते ती अभ्यासिका: कप्पे असलेलं टेबल, पंखा, चार्जिंगची सोय, शांतता. एमपीएससी, बँक, रेल्वे, नीट, सीए यांची तयारी करणारी मुलं तिथे दहा-दहा तास बसतात. ठाणे महापालिकेची चिंतामणराव देशमुख प्रशासकीय प्रशिक्षण संस्था १९८७ पासून स्पर्धा परीक्षांच्या मुलांसाठी काम करते आहे, त्यामुळे ही गरज ठाण्याला नवी नाही. नगरसेवकही अभ्यासिका उत्साहाने काढून देतात, कारण ती लगेच भरलेली दिसते.

अभ्यासिका हवीच. घरात कोपरा नसलेल्या मुलीला ती बसायची हक्काची जागा देते, याला मी फार महत्त्व देतो. पण अभ्यासिकेतलं मूल स्वतःची पुस्तकं घेऊन येतं आणि परीक्षा झाली की निघून जातं. तिथे सहा वर्षांच्या मुलाला मोठ्याने गोष्ट वाचून दाखवता येत नाही, सत्तरीच्या आजींना वर्तमानपत्रावर चर्चा करता येत नाही. सगळी जागा अभ्यासिकेला गेली की बालविभाग बंद पडतो आणि दहा वर्षांनी वाचकच उरत नाहीत.

म्हणून आराखड्यात दोन ओळी वेगळ्या ठेवा. जागा एकच असेल तर वेळ वाटून घ्या: शाळा सुटल्यापासून संध्याकाळी सातपर्यंत बालविभाग आणि देवघेव, सातनंतर रात्री उशिरापर्यंत अभ्यासिका. अभ्यासिकेचं शुल्क वेगळ्या खात्यात दाखवा आणि त्यातला ठरावीक भाग मुलांच्या पुस्तकांसाठी राखून ठेवा. हा ठराव आमसभेतच करून घ्या, नाहीतर तो टिकत नाही. रात्रीच्या वेळी मुली येणार असतील तर जिन्यात दिवा, स्वच्छतागृह आणि एक जबाबदार व्यक्ती हे आधी, मग फर्निचर.

पायरी ४: जागा

नवी इमारत मागण्याआधी असलेल्या खोल्या मोजा. महापालिकेच्या शाळा संध्याकाळी रिकाम्या असतात. समाजमंदिरं आठवड्यातले बरेच दिवस कुलूपबंद असतात. घोडबंदरच्या मोठ्या संकुलांत क्लबहाऊस असतं. अशा खोलीत मोठ्या वाचनालयाचं देवघेव केंद्र आठवड्यातून दोनदा चालवता येतं. दोन ट्रंका पुस्तकं, एक रजिस्टर, एक माणूस एवढ्यावर सुरुवात होते. तीन महिने नीट चालवा. वाचक येतात हे सिद्ध झालेल्या ठिकाणासाठी कायमची जागा मागणं सोपं जातं.

कायमच्या जागेसाठी विकास आराखडा बघायला शिका. तो १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमाखाली होतो आणि त्यात शाळा, मैदान, दवाखाना, ग्रंथालय अशी आरक्षणं असतात. आपल्या प्रभागातली आरक्षणं नगररचना विभागात पाहायला मिळतात. प्रारूप प्रसिद्ध झालं की हरकती व सूचनांसाठी ठरावीक मुदत असते. त्या मुदतीत लेखी सूचना दिली नाही तर पुढची कित्येक वर्षं नुसतं हळहळत बसावं लागतं. नवी मुंबईत आणखी एक चौकशी करा. १९७० मध्ये स्थापन झालेल्या सिडकोने इथले बरेच भूखंड आखले आणि महापालिका आली १९९२ मध्ये. तुमच्या डोळ्यांपुढचा रिकामा सुविधा भूखंड अजून सिडकोकडे आहे की महापालिकेकडे हस्तांतरित झाला आहे, ते आधी विचारा. चुकीच्या कार्यालयात दिलेला अर्ज वर्षभर फिरत राहतो.

जुन्या ठाण्यातल्या वाचनालयांपुढे पुनर्विकासाचा प्रश्न आहे. तीस वर्षांहून जुन्या इमारतीला संरचनात्मक परीक्षण बंधनकारक आहे, आणि त्यानंतर बहुतेक ठिकाणी बिल्डरशी करार होतो. त्या करारात वाचनालयासाठी पाच गोष्टी लेखी असल्याच पाहिजेत: किती चौरस फूट चटई क्षेत्र, कोणता मजला, बांधकाम चालू असताना पुस्तकं कुठे ठेवायची, ने-आणीचा खर्च कोणाचा, आणि उशीर झाला तर काय. पुस्तकांचं वजन मोठं असतं. नव्या इमारतीच्या आराखड्यातच 'येथे पुस्तकांचे रॅक येणार' असं स्ट्रक्चरल इंजिनीअरला सांगा, घरासाठी धरलेला भार इथे पुरणार नाही. तळमजला वृद्धांना सोयीचा, पण आपल्याकडच्या पावसात सखल भागातल्या तळमजल्यावर खालचा कप्पा रिकामा ठेवावा लागतो. पहिला मजला घेतला तर लिफ्ट आणि रॅम्प हवाच. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा सार्वजनिक जागेकडून तेच मागतो.

पायरी ५: खर्चाचा कागद

एका पानावर दोन रकाने करा. एकात एकदाच होणारा खर्च: रॅक, संगणक, रंगकाम. दुसऱ्यात दरवर्षीचा: पगार, ग्रंथखरेदी, वर्तमानपत्रं-नियतकालिकं, वीज, बांधणी, वाळवी प्रतिबंध. आता प्रत्येक ओळीपुढे पैसा कुठून येणार ते लिहा.

आमदार-खासदारांच्या स्थानिक विकास निधीतून एकदाच्या गोष्टी होतात, पगार होत नाहीत. कंपन्यांच्या सामाजिक दायित्वाचा पैसाही बहुधा संगणक आणि फर्निचरकडे जातो. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कंपनीकडे गेलात तर तिला 'तीन वर्षं बालविभागाच्या सहायकाचं मानधन' असा प्रस्ताव द्या, नुसती कपाटं मागू नका. पुस्तकांसाठी कोलकात्याच्या राजा राममोहन राय ग्रंथालय प्रतिष्ठानच्या योजना आहेत, त्यांची माहिती जिल्हा ग्रंथालय कार्यालयात मिळते.

शासनाच्या अनुदानाबद्दल सावध राहा. २०२२ मध्ये परिरक्षण अनुदानात ६० टक्के वाढीचा निर्णय झाला, त्याआधीची कित्येक वर्षं ते गोठलेलंच होतं. २०१२ मध्ये शासनाने केलेल्या ग्रंथालयांच्या पडताळणीनंतर नवी मान्यता आणि दर्जावाढही दीर्घकाळ थांबली होती. म्हणून 'मान्यता मिळाली की सुरू करू' असा आराखडा करू नका. जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांना आजची स्थिती विचारा, कागदपत्रं नियमाप्रमाणे पहिल्या दिवसापासून ठेवा, आणि वाचनालय वर्गणी व महापालिकेच्या आधारावर उभं करा.

पायरी ६: महापालिकेचं वेळापत्रक

बहुतेकांची मागणी चांगली असते, पण ती चुकीच्या महिन्यात पोहोचते. महापालिकेचं आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च. आयुक्त अंदाजपत्रक साधारण फेब्रुवारीत मांडतात, आणि खात्यांकडून आकडे त्याच्या दोन-तीन महिने आधी गोळा होतात. तुमचा अर्ज ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आत गेला पाहिजे.

ठाण्यात प्रभाग समिती कार्यालयात आणि नवी मुंबईत विभाग कार्यालयात एक प्रत द्या, एक आयुक्तांना, एक नगरसेवकांना. नवी मुंबईत २०२० पासून आणि ठाण्यात २०२२ पासून बराच काळ प्रशासकच कारभार पाहत होते, तेव्हा नागरिकांची मागणी मांडणारं कोणी सभागृहात नव्हतं. म्हणूनही कागद सगळ्या दारांनी गेलेला बरा. प्रत्येक प्रतीवर आवक क्रमांक आणि तारीख घ्या. अर्ज लहान ठेवा, साधारण असा:

'विषय: अमुक प्रभागात सार्वजनिक वाचनालयासाठी अंदाजपत्रकात तरतूद करणेबाबत.
महोदय, आमच्या प्रभागात अमुक ते अमुक या वेळेत शाळा क्रमांक अमुकची एक खोली वापरात नसते. तेथे आम्ही गेले तीन महिने देवघेव केंद्र चालवले. नियमित वाचकांची संख्या व वयोगट सोबत जोडले आहेत. सदर खोली वर्षभरासाठी मिळावी आणि एक ग्रंथपाल, एक सहायक व ग्रंथखरेदी यांसाठी पुढील वर्षाच्या अंदाजपत्रकात स्वतंत्र लेखाशीर्षाखाली तरतूद व्हावी, ही विनंती.'

'स्वतंत्र लेखाशीर्ष', म्हणजे अंदाजपत्रकातली वेगळी नोंद, हे शब्द अर्जातून गाळू नका. 'शिक्षण व इतर' अशा मोठ्या शीर्षाखाली गेलेला पैसा दुसरीकडे सहज वळतो, वेगळ्या शीर्षाखालचा शोधता येतो.

पायरी ७: संगणक आणि इंटरनेट

इथे थोडक्यात सांगतो. पुस्तकांची यादी संगणकावर आणण्यासाठी कोहा हे मुक्त सॉफ्टवेअर आणि केंद्र सरकारच्या एनआयसी या संगणक संस्थेचं ई-ग्रंथालय हे दोन चांगले पर्याय आहेत. महागडं काही घेऊ नका. यादी करताना लेखकाचं नाव एकाच पद्धतीने लिहायचं ठरवा, नाहीतर एकच लेखक चार नावांनी सापडेल. मराठी विश्वकोश इंटरनेटवर मोफत आहे, दृष्टिहीन वाचकांसाठी सुगम्य पुस्तकालय हे ऑनलाइन ग्रंथालय आहे. ही दोन्ही दाखवून देणारं माणूस काउंटरवर हवं. जुनी दुर्मिळ पुस्तकं स्कॅन करायची असतील तर भारतात लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं हक्क राहतात हे लक्षात ठेवा.

पायरी ८: आराखडा लिहा आणि वाचकांपुढे ठेवा

चार पानांपेक्षा मोठा करू नका. पहिल्या वर्षात वेळा बदलणं, बालविभाग, एक देवघेव केंद्र. तिसऱ्या वर्षापर्यंत प्रशिक्षित ग्रंथपाल पूर्णवेळ, संगणकीय यादी, दुसरं केंद्र. दहा वर्षांत कायमची जागा. प्रत्येक कामापुढे एका माणसाचं नाव लिहा. 'समिती' लिहिलं की ते काम कोणाचंच नसतं. मंडळात निदान दोघं तिशीच्या आतले आणि एक तरी शाळकरी मुलांची आई असू दे.

मग वाचक मेळावा घ्या, शक्यतो रविवारी. १२ ऑगस्टला भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. रंगनाथन यांच्या जयंतीचा ग्रंथपाल दिन असतो, १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन. यांतला दुसरा अर्जाच्या हंगामातच येतो, म्हणून मला तोच सोयीचा वाटतो. आराखडा वाचून दाखवा, दुरुस्त्या तिथेच लिहून घ्या, आणि उपस्थितांच्या सह्यांची प्रत अर्जाला जोडा.

अंदाजपत्रक मंजूर झालं की छापील पुस्तकात आपलं लेखाशीर्ष शोधा. सप्टेंबरमध्ये त्यातला किती पैसा खर्च झाला ते विचारा. तोंडी उत्तर मिळालं नाही तर दहा रुपयांच्या शुल्कासह माहितीच्या अधिकारात अर्ज करा. तीस दिवसांत उत्तर येणं अपेक्षित आहे, म्हणजे पुढच्या वर्षाची मागणी लिहायला बसताना तो आकडा तुमच्या हातात असेल.